बशीच्या बुडावरची खूण : जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना ओळखण्यामागचा इतिहास

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगलीच्या हरभट रस्त्यावरून आणि मारुती चौकातून ओसरले, तेव्हा तळमजल्यावरच्या फडताळांतून गाळाबरोबर वर्षानुवर्षे न हललेल्या वस्तूही बाहेर निघाल्या. कागदांचा आणि फोटोंचा लगदा झाला होता. चिनी मातीच्या बरण्या आणि बशा मात्र धुतल्यावर पूर्वीसारख्याच निघाल्या आणि त्यांच्या बुडावरचे निळे-काळे शिक्केही शाबूत राहिले. साताऱ्याच्या पेठांतले आणि वाईचे जुने वाडे उतरवताना अशीच भांडी हाती लागतात. ती कोणाची, केव्हाची, हे विचारताना बहुतेक लोक बुडावरची खूण ही घडवणाऱ्याची सही आहे असे धरून चालतात, आणि तिथेच चुकतात. ती खूण बाजारासाठी आणि कायद्यासाठी उमटवलेली असते. तो बाजार आणि तो कायदा समजल्याशिवाय ती वाचता येत नाही.

आपल्याकडच्या कुंभाराने भांड्यावर खूण केली नाही, याचे कारण त्याच्या व्यवहारात आहे. गावगाड्यात कुंभार बलुतेदार होता. गाडगी, मडकी, घागरी, परळ आणि पणत्या तो ठरलेल्या घरांना पुरवत असे आणि सुगीला आपले बलुते घेत असे. ज्या मडक्याचा कर्ता चार घरे पलीकडे चाक फिरवत बसलेला आहे, त्यावर त्याचे नाव कशाला हवे? तांब्यापितळेच्या भांड्यांवर आपण नावे घालतो, पण तीही तांबटाची नसतात. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले ते नाव मालकाचे, किंवा लग्नात भांडे देणाऱ्या मामाचे असते. या सवयीमुळे घरातली माणसे चिनी मातीच्या बशीवरचे परके नावही कोणा जुन्या नातेवाइकाच्या ओळखीच्या साहेबाचे समजतात. कर्त्याच्या खुणेची गरज निर्माण होते ती करणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच भेटणार नसतात तेव्हा.

अशा दूरच्या मालाची पहिली खूण आपल्या भाषेतच उमटलेली आहे. चिनी माती हे नाव देश सांगते. मोठ्या बरणीला जुन्या मराठीत मर्तबान म्हणत. ब्रह्मदेशातल्या मार्तबान बंदरातून येणाऱ्या झिलईच्या रांजणांवरून तो शब्द आला. बशी पोर्तुगीजांकडून आली आणि कप इंग्रजांकडून, म्हणजे ‘कपबशी’ या एका शब्दात दोन दर्यावर्दी व्यापार सांधलेले आहेत.

खुणेवरून काळ ठरवण्याची रीत भारतातल्या पुरातत्त्वालाही चांगली उपयोगी पडली आहे. १९४५ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूचे उत्खनन केले, तेव्हा इटलीतल्या आरेझोच्या लाल तकाकीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. त्यांतल्या काहींवर तिथल्या कुंभारांच्या नावांचे ठसे होते. युरोपात त्या भांड्यांचा काळ आधीच ठरलेला असल्यामुळे त्या थरात सापडलेल्या स्थानिक खापरांनाही कालक्रमात जागा देता आली. ओळखीच्या ठशावरून अनोळखी मडक्याचे वय काढण्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

चिनी भांड्यांवरची चार किंवा सहा अक्षरे कर्त्याचे नाव सांगत नाहीत. ती बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव सांगतात आणि वरून खाली, उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. जुन्या कारकिर्दीबद्दलच्या आदरापोटी ती अक्षरे पुढच्या शतकांतही लिहिली जात होती. शिवाय १६७७ साली जिंगडेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या शहरातल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचे नाव घालायला मनाई केल्यामुळे काही काळ पाने, फुले किंवा नुसती दोन वर्तुळे काढली गेली. म्हणून चिनी अक्षरे दिसली की भांडे त्याच सम्राटाच्या काळातले, असा निष्कर्ष काढू नये. युरोपात कारखान्याची ठरावीक खूण रुजली ती जर्मनीतल्या माइसेन येथे. सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या दोन तलवारी १७२० च्या दशकात तिथल्या भांड्यांवर निळ्या रंगात उमटू लागल्या, आणि थोड्याच काळात इतर कारखाने त्यांची नक्कल करू लागले.

सातारा-सांगली भागात मात्र सर्वाधिक सापडतो तो इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्याचा माल. स्टोक, बर्सलेम, हॅन्ली, टन्स्टॉल, लाँगटन आणि फेंटन ही तिथली कुंभारकामाची गावे. त्यांपैकी एखाद्याचे नाव शिक्क्यात वाचता आले तर शोध पुष्कळ सोपा होतो. हॅन्लीचे जे. अँड जी. मीकिन आणि टन्स्टॉलचे आल्फ्रेड मीकिन हे दोन वेगळे कारखाने होते, पण आडनावाच्या सारखेपणामुळे त्यांची सतत गल्लत होते.

या मालावरची सर्वांत बोलकी खूण म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन. नक्षीची चोरी होऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने तिची नोंदणी सुरू झाली आणि १८८३ पर्यंत नोंदवलेल्या नक्षीवर हा चौकोन छापला जात असे. त्याच्या शेंड्यावरच्या लहान वर्तुळात रोमन चारचा आकडा असेल तर वस्तू मातीकामाच्या वर्गातली. चार कोपऱ्यांतली अक्षरे आणि आकडे वर्ष, महिना, दिवस आणि नोंदणीच्या गठ्ठ्याचा क्रमांक सांगतात. १८४२ ते १८६७ या काळात वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, महिन्याचे डावीकडे, दिवस उजवीकडे आणि गठ्ठ्याचा क्रमांक खाली असे. वर्षांसाठीची अक्षरे संपल्यावर १८६८ पासून जागा बदलल्या : वर्ष उजवीकडे गेले, दिवस वर, महिना खाली आणि गठ्ठा डावीकडे. अक्षरे क्रमाने लावलेली नाहीत, म्हणून कोष्टक जवळ ठेवावे लागते. ‘यू’ हे अक्षर वरच्या कोपऱ्यात असेल तर वर्ष १८४८, म्हणजे साताऱ्याचे राज्य खालसा झाले ते साल. तेच अक्षर उजव्या कोपऱ्यात असेल तर १८७४. जागा न पाहता नुसते अक्षर वाचले तर सव्वीस वर्षांची चूक होते.

हे वर्ष नक्षी नोंदवल्याचे आहे, भांडे भाजल्याचे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. लोकांना आवडलेली नक्षी पुढे अनेक वर्षे निघत राही. त्यामुळे चौकोन एवढेच सांगतो की भांडे त्या तारखेच्या आधीचे नाही. १८८४ पासून चौकोनाच्या जागी एकापासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आला आणि १९०१ च्या आरंभी तो साडेतीन लाखांपलीकडे गेला होता. मिंटन कारखान्याची पद्धत याहून नेमकी होती : १८४२ पासून तो दर वर्षासाठी वेगळी लहानशी आकृती ओल्या मातीत ठोकत असे.

त्यानंतरचा मोठा बदल देशांच्या नावांचा. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि भारत सरकारने १८८९ मध्ये व्यापारी मालावरील खुणांसाठी कायदे केले. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर उगमदेशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले. एकाच भट्टीचा माल सर्वत्र जात असल्याने अमेरिकेसाठी घातलेले ‘इंग्लंड’ हे नाव कृष्णाकाठीही आले. म्हणून देशाचे नाव नसलेली बशी बहुधा १८९१ च्या आधीची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण शब्द असलेली बहुधा विसाव्या शतकातली. ‘निप्पॉन’ (जपानचे जपानी नाव) लिहिलेला जपानी माल साधारण १९२१ पर्यंतचा, कारण त्या वर्षी अमेरिकेने ‘जपान’ हाच शब्द मागितला. ‘ऑक्युपाइड जपान’ हे शब्द दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचे. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर भांडे १९१८ नंतरचे आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचे. कारखान्याचे नाव पुसट झालेले असले, तरी नुसत्या देशाच्या नावावरून इतके कळते.

हा माल मुंबई बंदरातून घाटावर येण्यास १८९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या पुणे–मिरज मीटरगेज रेल्वेने मोठा हातभार लावला. गवतात आणि पेंढ्यात बांधलेली खोकी बैलगाडीच्या घाटवाटेपेक्षा रेल्वेने सुखरूप पोचत. चहा घरोघरी गेला तशी कपबशी सोवळ्याओवळ्याचा अडसर ओलांडून स्वयंपाकघरात शिरली.

देशी कारखान्यांच्या खुणा वाचणे मला अधिक जिव्हाळ्याचे वाटते, कारण त्यांच्यावर लिहिलेले फार थोडे आहे. मुंबईच्या कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात कुंभारकामाची शाखा उभी केली. तिथल्या फुलदाण्यांवर शाळेचे नाव आढळते आणि काहींवर अजिंठ्याच्या चित्रांची छाया दिसते. स्वदेशीच्या चळवळीने या उद्योगाला बळ दिले. आपल्याच भागात कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगले काच कारखाना निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. चिनी मातीत तसे नाव कलकत्त्याच्या बेंगॉल पॉटरीजने, ग्वाल्हेर पॉटरीजने आणि सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरी वर्क्सने कमावले. या शेवटच्या कारखान्यामागे गणपुले हे मराठी नाव आहे, याची आठवण आपल्याकडे राहिलेली नाही. अशा भांड्यांवर गावाच्या नावाचे जुने इंग्रजी स्पेलिंगही उपयोगी पडते : आजच्या मोरबीला तेव्हा ‘मोरवी’ लिहीत.

खूण कशी उमटवली आहे, हे ती काय सांगते याइतकेच महत्त्वाचे असते. ओल्या मातीत ठोकलेला ठसा किंवा झिलईखाली छापलेला शिक्का भांड्याबरोबरच जन्माला येतो. झिलईखालचा शिक्का नखाला लागत नाही. झिलईवर नंतर चढवलेले नाव किंचित उंच लागते आणि घासले की झिजते. असे नाव दुकानदाराचे किंवा हॉटेलाचे असू शकते, आणि जुन्या बाजारात किंमत वाढवण्यासाठी कोणी अलीकडे चढवलेलेही असू शकते. नक्षीचे नाव, नक्षीचा क्रमांक आणि रंगकाम करणाऱ्याचे एखादे अक्षर यांनाही लोक कारखान्याचे नाव समजतात. म्हणून शिक्का स्वच्छ धुऊन, तिरप्या उजेडात, भिंगातून पाहावा. घासणी किंवा आम्ल मुळीच लावू नये.

राहिली ती पांढऱ्या अंगाची, तपकिरी मानेची लोणच्याची बरणी, जिच्या तोंडावर पिढ्यान्‌पिढ्या दादरा बांधला गेला. तिच्यावर पुष्कळदा आकाराच्या क्रमांकापलीकडे काहीच नसते, कधी तेही नसते. तिचा शोध बुडावर न घेता विक्रीच्या बाजूने घ्यावा लागतो. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आणि साताऱ्याच्या जुन्या दुकानांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या जिथे पुरातून आणि वाळवीतून वाचल्या असतील, तिथे माल कोणत्या गावाहून आला, किती खोकी उतरली आणि किती बरण्या फुटून आल्या, हे मोडीत टिपलेले मिळू शकते. बरणीजवळ ती कोणत्या घरातून आली आणि कोणत्या दुकानातून घेतली याची चिठ्ठी असेल, तर त्या नोंदींशी तिची गाठ घालता येते.