ईपी (भयप्रधान डेथ मेटल)

सिंगलपेक्षा (एक-दोन गाण्यांच्या तबकडीपेक्षा) मोठी पण अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका म्हणजे ईपी, अर्थात एक्स्टेंडेड प्ले. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९५२ मध्ये सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीवर हा प्रकार आणला. तबकड्या मागे पडल्या तरी नाव टिकले. डेथ मेटलमध्ये, म्हणजे गुरगुरत गायल्या जाणाऱ्या जड गिटारीच्या रॉक संगीतात, ईपी म्हटले की तीन ते सहा गाणी आणि जेमतेम दहा-वीस मिनिटे. त्यातही कबरी, सडकी प्रेते, उठून चालणारे मुडदे एवढ्याच भांडवलावर उभ्या बँडची ईपी असली तर एक गाणे अंगावर काटा आणते आणि शेजारचे नुसती जागा अडवते, असा अनुभव वारंवार येतो.

भयपटांशी या संगीताचे नाते जुने आहे. अमेरिकेतील डेथ या बँडच्या 'स्क्रीम ब्लडी गोर' (१९८७) या पहिल्या अल्बममध्ये 'इव्हिल डेड' नावाचे गाणेच आहे. त्या अल्बमवर ड्रम वाजवणाऱ्या क्रिस रायफर्टने त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ऑटोप्सी हा बँड काढला. ड्रमवर तोच, गायलाही तोच. ऑटोप्सीच्या 'रिट्रिब्युशन फॉर द डेड' (१९९१) या ईपीत तीन गाणी होती. त्यांपैकी दोन त्याच वर्षीच्या 'मेंटल फ्युनरल' अल्बममध्ये पुन्हा आली. अल्बम हाती असलेल्याला ईपीतून मिळाले ते एकच गाणे. उलट 'द टूम्ब विदिन' (२०१०) ही पाच गाण्यांची ईपी म्हणजे दीर्घ खंडानंतर परतलेल्या बँडने घेतलेली स्वतःची चाचणी होती. एकीकडे अल्बममधल्या गाण्यांची उचल, दुसरीकडे चाचणी किंवा उरलेसुरले. ईपीचा तोल जातो तो बहुधा इथेच.

तोल जाण्याचे दुसरे कारण गाण्यांच्या सुरुवातीत आहे. मॉर्टिशियनसारख्या बँडने भयपटांतले संवाद गाण्याआधी जोडण्याची पद्धत रूढ केली. मराठवाड्यात तुळजाभवानीचा गोंधळ ऐकलेल्याला यातली गोम लगेच कळेल. चौक भरून, दिवटी पाजळून गण आणि देवतांची आवतणे होतात, मगच आख्यान. पण गोंधळाला अख्खी रात्र मोकळी असते. बारा मिनिटांच्या ईपीत मिनिटभर किंकाळ्या आणि करकरणारे दार म्हणजे गणातच पहाट. स्वीडनच्या एन्टूम्ब्ड बँडने 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) या गाण्याच्या शेवटी 'फँटॅझम' चित्रपटाची धून गिटारीत गुंफली. ती उसनी असूनही चिकटवलेली वाटत नाही.

शब्दांचे म्हणाल तर त्यांतले भय इकडे अर्धेच पोहोचते. या गाण्यांची सगळी मदार पुरलेल्या, कुजणाऱ्या देहावर. आपल्या पिंपळावरच्या मुंजाला कुजायला देहच नाही, तो चितेवर कधीच गेला. त्याची इच्छा तेवढी मागे राहिली. शिवाय घशातून काढलेल्या गुरगुराटात शब्द कुणालाच धड कळत नाहीत. त्यामुळे भीती घालायची ती नादानेच.

तो नाद फार खालचा असतो. गिटारीची सर्वांत जाड तार एरवी ८२ हर्ट्झच्या (सेकंदाला ८२ कंपनांच्या) आसपास वाजते. या संगीतात ती सैल करून ६२ पर्यंत, कधी त्याहूनही खाली नेतात. हे संगीत परभणीहून संभाजीनगरकडे निघालेल्या एसटीत, मागच्या चाकावरच्या सीटवर, स्वस्त इअरफोनने ऐकणे ही ईपीची खरी परीक्षा. इंजिनाची घरघर नेमकी त्याच पट्टीत गिटार गिळते. उरतात झांजा आणि गुरगुर. ऑटोप्सीचे मुद्दाम रेंगाळणारे संथ तुकडे तर पार विरघळतात. जिंतूरच्या स्टँडवर चहासाठी इंजिन बंद झाले की गिटार नीट ऐकू येईल असे वाटते, पण ईपी बोरीच्या अलीकडेच संपलेली असते.