गोल लाकडाची मोजणी व मोबदल्याचे वाद

गोल लाकडाचा दर घनफळावर ठरतो. घनफळ मात्र टेपने थेट मोजता येत नाही. घेर आणि लांबी मोजून ते सूत्राने काढावे लागते. एकाच ओंडक्याला दोन सूत्रे लावली तर दोन वेगळी उत्तरे येतात. करारात दर लिहिला आणि सूत्र लिहिले नाही, तर पैसे देण्याच्या वेळी वाद उभा राहतो.

भारतीय बाजारात रुळलेले सूत्र हॉपसचे. त्यालाच क्वार्टर गर्थ म्हणतात. ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस या इंग्रज सर्व्हेअरचे मोजणीचे पुस्तक 1736 मध्ये निघाले, त्यावरून हे नाव पडले. या सूत्राने येणारे घनफळ खऱ्या घनफळाच्या 78.5 टक्केच भरते. उरलेला सुमारे 21.5 टक्के भाग ओंडका चौकोनी करताना फळकूट आणि भुशात जातो, असे समर्थन दिले जाते. घेर इंचांत आणि लांबी फुटांत घेणारे व्यापारी गुणाकाराला 144 ने भागतात. त्याच जागी 113 ने भागले की जवळजवळ खरे घनफळ मिळते.

3 मीटर लांब आणि मध्यावर 120 सेंमी घेराचा ओंडका घेऊ. हॉपसने तो 0.27 घनमीटर भरतो, वर्तुळाच्या सूत्राने 0.344 घनमीटर. आता 1 सेंमी जाडीची साल वजा करा: घेर सुमारे 6 सेंमीने उतरतो आणि हॉपसचा आकडा 0.242 वर येतो. घेराचा वर्ग होत असल्यामुळे टेपवरची छोटी सूट पैशात मोठी होते. ‘घेरात 5 सेंमी वजा’ अशी अट या ओंडक्याचे सुमारे 8 टक्के घनफळ कापते. 60 सेंमी घेराच्या बल्लीचे, म्हणजे बारीक सरळ खांबाचे, मात्र 16 टक्के. विरळणीतला (दाट लागवडीतली काही झाडे काढून मिळालेला) बारीक माल विकणाऱ्या शेतकऱ्याने ही ओळ सहीपूर्वी दोनदा वाचावी.

हॉपस वापरणे ही फसवणूक नव्हे. दर त्याच मापाने बांधला असेल, तर कमी भरलेले घनफळ चढ्या दरात भरून निघते. अन्याय होतो तो दर एका मापाचा आणि मोजणी दुसऱ्या मापाची असते तेव्हा. 1 घनमीटर म्हणजे 35.31 घनफूट, पण तेवढ्याच खऱ्या लाकडाचे हॉपस घनफूट 27.74 होतात. बिल करताना कोणता गुणक घेतला, हे बहुतेक बिलांवर लिहिलेले नसते, आणि ते लिहायलाच हवे.

मोजण्याची जागाही वादाची असते. बुडखा जाड, शेंडा निमुळता. हुबरचे सूत्र मधला छेद धरते, स्मेलियनचे दोन्ही टोकांच्या छेदांची सरासरी. बुडखा फार फुगलेला असेल तर स्मेलियनने माल जास्त भरतो. पोकळी, गाठी, वाकडेपणा यांची वजावट निराळी. जळाऊ लाकडाच्या थप्पीत तर हवाही मोजली जाते: रचलेला घनमीटर आणि भरीव घनमीटर यांत एक-तृतीयांशाहूनही अधिक फरक पडू शकतो. मापावर मजुरी घेणाऱ्या तोडकऱ्याला हा फरक थेट खिशात जाणवतो. मुंबई प्रांतात 1947 पासून बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांचा उद्देश अशा मजुरांना ठेकेदारांच्या पिळवणुकीतून सोडवणे हाच होता.

अमेरिकेत माप बोर्ड फुटांत (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळीइतके लाकूड) असते आणि ओंडक्यातून किती फळी निघेल हे सांगणारी कोष्टके अनेक, त्यामुळे गोंधळ तितकाच. लहान टोकाला 12 इंच व्यास आणि 16 फूट लांबी असलेला ओंडका डॉयल कोष्टकाने 64 बोर्ड फूट, स्क्रिबनरने 79 आणि आंतरराष्ट्रीय पाव-इंची कोष्टकाने 95 भरतो.

महाराष्ट्रात बल्लारशा, आलापल्ली, परतवाडा येथील वनआगारांत सागवानाचे लॉट लिलावाने जातात. घेर, लांबी आणि घनफळ यादीत आधीच असते, ग्राहक माल पाहून बोली लावतो. त्यामुळे मापाचा प्रश्न बोलीआधीच पुढे येतो. खासगी मालकीच्या झाडांचे तसे नाही. तिथे उभ्या झाडाचा अंदाज छातीच्या उंचीवरच्या, म्हणजे 1.37 मीटरवरच्या घेरावरून होतो, तोड नंतर होते आणि हिशेब बऱ्याचदा व्यापाऱ्याच्या वहीत राहतो.

वैध मापनशास्त्र अधिनियम 2009 प्रमाणित एककांचा आग्रह धरतो, पण घनमीटर कोणत्या सूत्राने काढायचा हा प्रश्न त्याने सुटत नाही. माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 22 नुसार, किंमत ठरवण्यासाठी विक्रेत्याने मोजणी करणे बाकी असेल, तर ती होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत निश्चित केलेल्या मालाची मालकी त्याच्याकडे जात नाही. लेखी करार मुका असेल तर व्यापारातली रूढी पुराव्याने सिद्ध करता येते. करारातल्या स्पष्ट शब्दांविरुद्ध मात्र ती चालत नाही. म्हणून ‘मोजणी हॉपसने, साल काढून, मध्यावर’ एवढे शब्द लिहिलेले असले, तर रूढीच्या पुराव्याची गरजच उरत नाही.

पुराव्याची खरी अडचण वेगळीच आहे. ओंडका आरागिरणीवर चढला की फेरमोजणी शक्य नसते, आणि कटसाईज (चिरून कापलेल्या) मालावरून मूळ घेर काढणे हा निव्वळ अंदाज ठरतो. त्यामुळे वाहतुकीआधी दोन्ही पक्षांनी मिळून मोजणी करणे, प्रत्येक नगावर क्रमांक टाकणे आणि घेर-लांबीच्या यादीवर दोघांच्या सह्या घेणे, हाच टिकणारा पुरावा असतो.