‘ग्लोरिया’ कानावर पडले म्हणजे मिस्सा नव्हे

ऑस्ट्रियन संगीतकार आंतोन ब्रुकनरच्या ‘एक्चे साचेर्दोस माग्नुस’ (‘पाहा, थोर धर्मगुरू’) या मोटेटचा, म्हणजे चर्चमध्ये वृंदाने गायच्या छोट्या लॅटिन रचनेचा, उल्लेख ‘ब्रुकनरची छोटी मिस्सा’ असा झालेला मी इतक्यांदा वाचला आहे की आता तो मुकाट्याने सोडून देणे जमत नाही. मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनेच्या ठरलेल्या पाठाला दिलेले अनेक भागांचे संगीत. ब्रुकनरची ई मायनर या स्वरश्रेणीतली मिस्सा वाचकांना परिचित असेल, असे मी धरून चालतो: रचना 1866 ची, पहिला प्रयोग 29 सप्टेंबर 1869 रोजी ऑस्ट्रियातल्या लिंत्स येथे उघड्या आकाशाखाली, आठ भागांचा गायकवृंद आणि साथीला केवळ फुंकून वाजवायची वाद्ये. मोटेट 1885 चे असून त्याच लिंत्स धर्मप्रांताच्या शताब्दीसाठी लिहिलेले आहे. त्यातही गायकवृंद आठ भागांपर्यंत विस्तारतो. साथीला तीन ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्ये) आणि ऑर्गन आहेत. मिस्सेत ओबो, क्लॅरिनेट आणि बासून आहेत, मोटेटमध्ये नाहीत. मिस्सा पाऊण तासाच्या आसपास चालते, मोटेट सहा-सात मिनिटांत संपते. हे फरक कोणालाही कळतात.

घोटाळा होतो तो ‘ग्लोरिया’ या शब्दापाशी. मोटेटच्या उत्तरार्धात हा शब्द स्पष्ट ऐकू येतो आणि श्रोता लगेच ठरवतो की हा मिस्सेचा दुसरा भाग असणार. प्रत्यक्षात मिस्सेतले ‘ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ’ हे देवदूतांच्या शब्दांनी सुरू होणारे दीर्घ स्तोत्र आहे, तर मोटेटमधले ‘ग्लोरिया पात्री’ हे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या गौरवाचे एका ओळीचे वचन असून ते स्तोत्रांना आणि प्रतिगीतांना (आळीपाळीने गायच्या, ध्रुवपद असलेल्या गीतांना) जोडले जाते. गंमत अशी की ई मायनर मिस्सेत ‘ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ’ ही ओळ ब्रुकनरने स्वरबद्धच केलेली नाही. ती धर्मगुरूने पारंपरिक चालीत उच्चारायची आणि वृंदाने ‘एत इन तेर्रा पाक्स’ या पुढच्या शब्दांपासून उचलायचे. उलट मोटेटमध्ये ‘ग्लोरिया’ वृंदाच्याच तोंडी आहे, आणि तोही आठ भागांचा सारा पसारा आवरून, जुन्या चर्चगायनाच्या वळणाने एका सुरात. म्हणजे या शब्दाच्या भरवशावर रचना ओळखू पाहणारा दोन्हीकडे फसतो.

खरी खूण ‘इदेओ युरेयुरान्दो’ या ओळीत आहे. ‘म्हणून परमेश्वराने शपथपूर्वक त्याला आपल्या प्रजेत वाढवले’ अशा अर्थाची ही ओळ अभंगातल्या ध्रुवपदासारखी फिरून फिरून येते, कारण हा पाठ बिशपच्या प्रवेशाच्या वेळी गायच्या प्रतिगीताचा आहे. मिस्सेच्या नित्यपाठात, म्हणजे दर वेळी तेच राहणाऱ्या शब्दांत, हे कुठेच नाहीत. माझ्या मते ब्रुकनरचे खरे सामर्थ्य या ध्रुवपदातच आहे, आणि ते मागे ढकलून नुसता ट्रॉम्बोनचा दणदणाट पुढे आणणारी ध्वनिमुद्रणे मला मुळीच रुचत नाहीत. ‘ग्लोरिया पात्री’ च्या त्या संथ, निराभरण एकसुरानंतर ही ओळ तिसऱ्यांदा उसळते, तेव्हा वृंदाचा प्रत्येक भाग वेगळा ऐकू आला पाहिजे.