मांडवडहाळ्यांपासून जेजुरीच्या पायरीपर्यंत : पुण्याकडच्या गावरान लग्नाची पार्श्वभूमी

मुळशी, पानशेत, भोर या बाजूच्या फार्महाउसवर हल्ली पुण्यातली कुटुंबं हौसेनं ‘गावरान’ लग्न लावतात. दारात सजवलेली बैलगाडी, कोपऱ्यात जातं, जेवायला चुलीवरचं पिठलं-भाकरी. मला ही लग्नं मनापासून आवडतात. तिथं मांडलेल्या एकेका वस्तूवर पूर्वी गावातल्या कुणाचा तरी मान होता, हे मात्र ठाऊक असायला हवं.

बलुतेदारीच्या काळात लग्न एका घराचं नसायचं, आख्खं गाव त्यात असायचं. कुंभाराकडून रंगवलेली मडकी वाजतगाजत यायची. सुतार पाट-चौरंग द्यायचा, गुरव पत्रावळी लावायचा, कासार ओसरीवर बसून नवरीला चुडा भरायचा. परिटाचं काम पायघड्यांचं. नवरदेवाचा पाय मातीला लागू द्यायचा नाही, म्हणून मागचं धोतर उचलून लगबगीनं पुढं अंथरायचं, की पुन्हा मागचं उचलायचं. बदल्यात शिधा, नारळ, कापड मिळायचं. पण ज्यांच्या हलगीशिवाय वरात हलायची नाही, त्यांची पंगत मांडवाबाहेर बसायची. जुन्या लग्नाची आठवण काढताना हेही सांगितलं पाहिजे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का पुण्यातूनच बसला. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. १८८७ साली त्यांनी अशा लग्नांसाठी मंगलाष्टकं आणि पूजाविधीच छापून दिले. त्या मंगलाष्टकांत वधू वराकडे बायकांच्या हक्कांबद्दल बोलते. मांडवात नवरीनं तोंड उघडायचं नाही अशा काळातली ही गोष्ट आहे.

लग्नसराई शेताच्या वेळापत्रकानं चालायची. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू व्हायचे, तरी खरी गर्दी चैत्र-वैशाखात. सुगी उरकलेली, हातात चार पैसे, रानं मोकळी. आंबा, उंबर, जांभळाच्या डहाळ्या गाडीत घालून आणायच्या, ते मांडवडहाळे. मग देवक, म्हणजे घराण्याचं कुळचिन्ह, बसायचं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोरपीस. दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर सोयरीक मोडायची.

मुहूर्त पाहायला घड्याळ नव्हतं. घंगाळातल्या पाण्यात तांब्याचं वाटीएवढं पात्र सोडायचं, त्याच्या बुडाला बारीक भोक. पाणी भरत भरत ते बुडालं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. ‘घटका भरली’ हे आपण आजही म्हणतो.

बायकांचं लग्न मात्र जात्यावर चालायचं. माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला आजीनं जात्याच्या खुंट्याला हळकुंड बांधलं, पाच सवाष्णींनी खुंटा धरला आणि पहिली ओवी देवाची झाली. दुसरीपासून मात्र माहेर, भाऊ, सासरची वाट. दळणाऱ्या पाचही जणींचे डोळे भरलेले, हात तेवढे थांबत नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी पुण्याजवळच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, दळायची जाती माळ्यावर गेली, पण त्या दोघांमुळे बायकांचं हे बोलणं राहिलं. मला या सगळ्या पार्श्वभूमीतलं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

सोयरीक बैलगाडी पोचेल तेवढ्याच पल्ल्यात व्हायची. वऱ्हाड गाड्या जुंपून यायचं, मुक्काम करायचं, बैलांची वैरणही वधूपक्षाकडे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढं एसटी गावोगाव पोचली, मग वऱ्हाडाचे ट्रक-टेम्पो आले आणि संध्याकाळी घरी परतता येऊ लागलं. चार-चार दिवसांचं लग्न एका दिवसात उरकायला लागलं, त्यात या चाकांचा वाटा मोठा. मंगल कार्यालयं, लॉन्स, फेटे बांधून पाहुण्यांचे सत्कार हे सगळं त्यानंतरचं. २०२० मध्ये पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हा कितीतरी घरांनी पुन्हा अंगणात मांडव घातला.

एक गोष्ट मात्र फारशी बदललेली नाही. लग्नानंतर जागरण-गोंधळ घालायचा. उसाची पाच धाटं उभी करून चौक भरायचा, दिवटी पेटवायची आणि वाघ्या-मुरळीबरोबर रात्र जागवायची. मग जोडीनं जेजुरी. नवरदेव नवरीला उचलून गडाच्या निदान पाच पायऱ्या चढतो, मागून सगळी भावकी ‘येळकोट येळकोट’ म्हणत भंडारा उधळते. नवरीच्या हातांवरची हळद अजून गेलेली नसते, तिच्यावरच भंडारा बसतो, आणि कुठली हळद मांडवातली, कुठली खंडोबाची, ते ओळखू येत नाही.