कापसाच्या भावाचा दीर्घकालीन कल (विदर्भ)

शेतमाल व खनिजे यांच्या किमती कारखानी मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात, हे मत अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० च्या सुमारास मांडले. विदर्भात त्याचा पडताळा मुख्यतः कापसावरून घेतात. मूळ आधार ब्रिटनच्या व्यापाराच्या आकड्यांचा होता. त्यांतील आयात-किमतींत जहाजभाडे धरलेले असे आणि ते उतरत गेल्याने घसरण फुगून दिसते, असा आक्षेप आहे. ग्रिली व यांग (१९८८) यांना १९०० पासूनच्या २४ वस्तूंच्या किमतींत वर्षाला साधारण अर्धा टक्का सापेक्ष घट आढळली. कॅशिन व मॅक्‌डरमॉट (२००२) यांच्या मते कल लहान, चढउतार मोठे. वऱ्हाडचा अनुभव या शेवटच्या मताशी अधिक जुळतो.

वऱ्हाडचा भाव जगाशी केव्हा जोडला गेला, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ (१८६१–६५) बहुधा सांगितला जातो, कारण तिथला कापूस तुटल्याने इंग्लंडची मागणी इकडे वळली. परंतु त्याआधीही इथला कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जात होता. तो व्यापार होता, भावाची जोड नव्हे. लिव्हरपूलचा (इंग्लंडमधील कापसाच्या मोठ्या बाजाराचा) भाव खामगावात लगेच उमटायला रेल्वे व तार लागली. लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्ये पोहोचला, खामगावची शाखा १८७० मध्ये झाली आणि त्याच वर्षी मुंबई सागरी तारेने इंग्लंडशी जोडली गेली. म्हणून १८७० च्या आसपासचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपुलात या मालाला ‘ऊमरा’ म्हणत. कारंजा येथील नियंत्रित बाजार १८८६ चा, वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा १८९७ चा.

जागतिक भाव रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा असतो. कास्तकार मात्र सरकीसकट कापूस विकतो. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई उतरते, बाकी बहुतांश सरकी. त्यामुळे सरकी व ढेप (सरकीची पेंड) यांच्या तेजीने रुईची मंदी काही अंशी झाकली जाते, आणि सरकी पडली की दुहेरी मार बसतो. रुईच्याच आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षांत हा फरक हरवतो, ही मोठी उणीव होय. ‘क्विंटलभर कापसात तोळाभर सोने येई’ हे गावोगावी ऐकू येणारे माप मनाला पटते, पण सोने स्वतःच खनिज, म्हणजे कापसासारखीच प्राथमिक वस्तू आहे. खत, डिझेल, मजुरी यांच्याशी तुलना अधिक खरी.

एकाधिकार कापूस खरेदी योजनेने (१९७२ पासून; कापूस फक्त राज्य शासनच विकत घेई) राज्यातील कास्तकार बराच काळ या लाटांपासून काहीसा आडोशाला राहिला. २००१–०२ मध्ये जागतिक भाव पौंडाला ४० सेंटांखाली गेला. अमेरिकेची अनुदाने त्याला कारणीभूत असल्याची तक्रार ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत नेली व जिंकली. मार्च २०११ मध्ये भाव २ डॉलरवर चढला. २०२१–२२ च्या हंगामात विदर्भात कापसाचे क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर सौदे झाले.