टेबलावरचा फोन आणि फाइल सर्व्हर : फर्मवेअर बदलण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

कार्यालयांत ईपीएबीएक्सचे, म्हणजे अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजचे, राज्य होते तोवर टेबलावरच्या फोनमध्ये अद्ययावत करण्याजोगे फारसे काही नव्हते, कारण सारी हुशारी एका खोलीतल्या यंत्रात असे आणि फोन म्हणजे केवळ तारेचे टोक. संगणकाच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या आयपी फोनमुळे प्रत्येक टेबलावर प्रोसेसर आणि मेमरी असलेला एक लहानसा संगणकच येऊन बसला, आणि अशा शेकडो संगणकांतले सॉफ्टवेअर, म्हणजेच त्यांचे फर्मवेअर, एकसारखे कसे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. फोन बनवणाऱ्यांनी त्याचे उत्तर नव्याने शोधले नाही. हार्डडिस्क नसलेल्या वर्कस्टेशनसाठी जी व्यवस्था १९८० च्या दशकात बसवली गेली होती, तीच त्यांनी उचलली आणि तिच्या सोयींबरोबर तिच्या उणिवाही घेतल्या.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे टीएफटीपी, नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची अगदी साधी पद्धत (ट्रिव्हियल फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल). नोएल चियाप्पा यांच्या मूळ आराखड्यावरून विकसित झालेल्या या प्रोटोकॉलचे वर्णन एमआयटीच्या कॅरेन सॉलिन्स यांनी जून १९८१ मध्ये आरएफसी ७८३ म्हणून प्रसिद्ध केले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). सुधारित रूप, आरएफसी १३५०, १९९२ मध्ये आले. फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत पाठवायची, प्रत्येक तुकड्याची पोच आल्यावरच पुढचा सोडायचा, एवढाच त्याचा कारभार. पासवर्ड नाही, फाइलींची यादी मागण्याची सोय नाही. हा आळस नव्हता. यंत्र सुरू करणाऱ्या चिमुकल्या रॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी मेमरीच्या चिपमध्ये, मावेल इतकाच कोड लिहिणे भाग होते. यंत्राला सुरू होतानाच स्वतःचा नेटवर्क पत्ता आणि सर्व्हर कुठे आहे हे कळावे म्हणून १९८५ मध्ये बूटपी आणि १९९३ मध्ये डीएचसीपी हे प्रोटोकॉल आले. डीएचसीपीच्या ६६ क्रमांकाच्या पर्यायात टीएफटीपी सर्व्हरचे नाव देता येते. नेटवर्कची साधने बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे फोन १५० क्रमांकाचा पर्यायही वाचतात, त्यात एकाहून अधिक सर्व्हरचे पत्ते भरता येतात.

सिस्कोने १९९८ मध्ये डॅलसची सेल्सियस सिस्टम्स ही कंपनी विकत घेतली आणि तिथूनच त्यांच्या आयपी फोनची वाटचाल सुरू झाली. आजही सिस्कोचे अनेक फोन जी कॉन्फिगरेशन फाइल मागतात तिच्या नावात ‘एसईपी’ आणि पुढे फोनचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच दिलेला नेटवर्क ओळखक्रमांक, असतो. ही तीन अक्षरे ‘सेल्सियस इथरनेट फोन’ची. ७९६० हा फोन सर्व्हरवरची ‘ओएस७९एक्सएक्स.टीएक्सटी’ ही फाइलही मागत असे, आणि तिच्यात फर्मवेअरचे नाव लिहिलेली एकच ओळ असे. ते नाव स्वतःकडच्या आवृत्तीशी जुळले नाही, तर फोन नवी फाइल उतरवून पुन्हा सुरू होई. लिनक्स सर्व्हरवर हे फाइलनाव कॅपिटल अक्षरांतच लागे, आणि ‘पी०एस३’ने सुरू होणाऱ्या फर्मवेअरच्या नावात दुसरे चिन्ह ‘ओ’ नसून शून्य आहे, हे ध्यानात न आल्याने अनेकांनी नाहक डोके फोडून घेतले आहे. या पद्धतीत सर्व्हर स्वतःहून काहीच करत नाही. मागितलेली फाइल असेल तर देतो, नसेल तर नाही म्हणतो. निर्णय फोनचा असतो. त्यामुळे प्रशासकाच्या हाती उरते ते फाइल बदलणे आणि फोन पुन्हा सुरू करायला लावणे.

इतर उत्पादकांनी तपशील बदलले, चाल तीच ठेवली. पॉलिकॉमने मूलतः एफटीपी हा वापरनाव-पासवर्ड मागणारा फाइल-प्रोटोकॉल निवडला, पण सर्व फोनमध्ये एकच ठरावीक वापरनाव आणि पासवर्ड घालून दिल्यामुळे ते गुपित राहिलेच नाही. अवायाचे फोन एका साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलीवर चालतात.

फर्मवेअर फुगत गेले तशी टीएफटीपीची ओढाताण झाली. तुकडा दूरच्या शाखेतल्या फोनपर्यंत जाऊन त्याची पोच परत येण्यास ५० मिलिसेकंद लागत असतील, तर १० एमबीच्या फाइलीचे सुमारे २०,००० तुकडे एकामागून एक पोचायला सतरा मिनिटे लागतात, तीही एका फोनसाठी. तुकड्याचा आकार वाढवण्याची सोय पुढे आली, सिस्कोने एका फोनने शेजारच्या फोनला फाइल देण्याची युक्ती काढली, पण खरा उतारा ठरला तो वेबपानांसाठी वापरला जाणारा एचटीटीपी, कारण त्यात प्रत्येक तुकड्याच्या पोचेसाठी थांबावे लागत नाही. आता ६६ क्रमांकाच्या त्याच पर्यायात अनेक ठिकाणी एचटीटीपीएसचा पूर्ण पत्ता भरलेला आढळतो.

सुरक्षिततेचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण स्थानिक नेटवर्कवर जो सर्व्हर सापडेल तो आपलाच, हे मूळ गृहीतक होते. फर्मवेअर खरोखर आपलेच आहे हे फोनला पडताळता यावे म्हणून उत्पादकांनी त्यावर डिजिटल स्वाक्षरी करायला सुरुवात केली. सिस्कोने कॉलमॅनेजर या फोन सांभाळणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या आठव्या आवृत्तीपासून विश्वासार्ह सर्व्हरची यादीच फोनमध्ये ठेवली. परिणामी एका व्यवस्थेतला फोन दुसरीकडे न्यायचा तर ती यादी आधी पुसावी लागू लागली. तरी स्वाक्षरी म्हणजे निर्दोष कोड नव्हे. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०१२ मध्ये सिस्कोच्या फोनचा मायक्रोफोन गुपचूप चालू करून दाखवला. ऑगस्ट २०१९ मध्ये मॅकॅफी या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अवायाच्या ९६०० मालिकेतील फोनमध्ये डीएचसीपी क्लायंटचा, म्हणजे पत्ता मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, एक दोष उघड केला. मूळ मुक्त कोडमध्ये तो २००९ मध्येच दुरुस्त झाला होता, पण त्याआधी नक्कल केलेली प्रत फोनच्या फर्मवेअरमध्ये तशीच राहिली होती. अवायाने दुरुस्त आवृत्ती दिली, मात्र कार्यालयाच्या सर्व्हरवरची फाइल बदलली जाईपर्यंत तिथल्या फोनना तिचा पत्ताही लागणार नव्हता.