चोवीस-सत्तर: भिंगावरच्या तीन आकड्यांची पार्श्वभूमी

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरातल्या फोटोग्राफरांचे एकमेकांना फोन सुरू होतात. ऑर्डरी ठरलेल्या असतात, ॲडव्हान्स खिशात असतो, आणि वर्षभर मनात घोळत असलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडतो. यंदा तो माझ्या भाच्यानं विचारला. "मामा, चोवीस-सत्तर झूम लेन्स घ्यायचा म्हणतोय. टू पॉइंट एट घेऊ, का फोरवर भागंल?"

फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो. पण त्या भिंगाच्या कडेवर कोरलेले २४ आणि ७० (किती रुंद ते किती जवळचं दिसणार) आणि २.८ (किती उजेड आत येणार; आकडा लहान तितका उजेड जास्त) हे आकडे कुणीतरी, कुठल्यातरी अडचणीतून काढलेले आहेत. ती अडचण आपलीही आहे का, हे बघितल्याशिवाय लाखाच्या घरातली वस्तू घेऊ नये, असं माझं मत. म्हणून हे जरा लांबून सांगतो.

सुरुवात गावातूनच करू. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज हजारो गाड्या त्याला वळसा घालतात. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ साली गेले. पुढं बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या काळात झूम असं काही हाताशी नव्हतं. चेहरा जवळून हवा असेल तर अख्खा कॅमेरा तिवईसकट उचलून पुढं न्यायचा, नाहीतर भिंग बदलायचं. सिनेमावाल्यांच्या या उचलाउचलीतूनच झूमचा जन्म झाला. १९३२ साली कुक कंपनीचं 'वॅरो' आलं, ४० ते १२० मिलिमीटरचं. साध्या फोटोच्या कॅमेऱ्याला मात्र झूम मिळायला त्यानंतर आणखी सत्तावीस वर्षं लागली.

एवढा उशीर का? सिनेमात चित्र हलत असतं, एका सेकंदाला चोवीस चौकटी पुढं सरकतात, एखाद्या चौकटीचा कोपरा पुसट असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. फोटो मात्र भिंतीवर टांगला जातो आणि आत्याबाई त्यात आपलं नाक शोधतात. शिवाय झूम म्हणजे आतल्या छोट्या भिंगांचे गट एकमेकांपासून पुढं-मागं सरकणार, आणि सरकताना फोकस जागच्या जागी राहायला हवा. त्यासाठी आत खाचा असलेली नळी फिरते आणि त्या वाकड्या खाचांतून गट आपापल्या वेगानं चालतात. उद्यमनगरातल्या कारखान्यात ज्यानं कॅम (असाच वळणदार यंत्रभाग) कापलाय त्याला हे लगेच समजेल: खाच केसभर चुकली की सगळंच चुकलं. आणि ती खाच कशी वाकवायची हे काढायला प्रकाशाच्या एकेका किरणाचा हिशेब करावा लागे. संगणक येण्याआधी हे काम कोष्टकं समोर ठेवून हातानं चालायचं.

१९५९ साली फोख्टलेंडर कंपनीनं 'झूमार' बाजारात आणलं, ३६ ते ८२, एफ २.८. आराखडा फ्रँक बॅक यांचा. ३५ मिमी फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठीचं हे पहिलं झूम, आणि आपण आज 'स्टँडर्ड झूम' म्हणतो त्याचा मूळपुरुषही हाच. आत चौदा भिंगं. झूम हा शब्द घरोघरी पोचला त्यात या नावाचा मोठा वाटा आहे.

इथं एक माप हाताशी ठेवा, पुढं सारखं लागणार आहे. फुल फ्रेमची, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मापाची, चौकट ३६ मिमी रुंद. छत्तीसला भिंगाच्या आकड्यानं भागा आणि आलेल्या उत्तराला अंतरानं गुणा: समोर किती रुंदी मावते ते कळतं. नवरा-नवरीपासून दहा फुटांवर उभं राहिलात तर झूमारच्या ३६ वर दहा फूट मावतात. म्हणजे नवरा, नवरी, चार करवल्या आणि कडेला अर्धे मामा.

यानंतरचं नाव निकॉनचं. १९६३ साली त्यांचं ४३-८६ आलं, एफ ३.५. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण ४३ मिलिमीटरच्या आसपास भरतो, तिथून बरोबर दुप्पट. लहान, सुटसुटीत, आवाक्यातलं. भरपूर खपलं आणि बदनामही तितकंच झालं. सरळ रेषा वाकवायचं, समोरून उजेड आला की चित्रावर पांढरं सायीसारखं पसरायचं. 'झूम म्हणजे सोय, दर्जा हवा तर फिक्स' (म्हणजे झूम न होणारं, एकाच आकड्याचं भिंग) ही समजूत पक्की होण्यात या भिंगाचा हात मोठा. आमच्याकडचे जुने लोक नव्वदच्या दशकातही झूमकडं नाक मुरडायचे ते त्यातूनच. आणि मापात बघाल तर ४३ वर दहा फुटांतून साडेआठ फूटही मावत नाहीत. मामा गेलेच, एखादी करवलीही गेली.

माझे काका शिवाजी पेठेतले. यशिकाच्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यावर लग्नं करायचे. एका रोलात बारा फोटो, भिंग एकच, बदलायची सोयच नाही. मंगलाष्टकं संपत आली की ते एक-एक पाऊल मागं सरकू लागायचे, नजर कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत. एकदा असेच सरकत सरकत अक्षतांच्या परातीत उभे राहिले. अंतरपाट खाली आला तेव्हा फोटो काढला, परातीतूनच. तो फोटो चांगला आलाय. वधूच्या आईचे डोळे मात्र नवरीकडं नाहीत, परातीकडं आहेत.

अंतरपाट खाली येतो तो क्षण दोन सेकंदांचा. आधी सगळं स्टेज हवं: हात वर केलेले लोक, हवेतल्या अक्षता, मागं उभे मामा. लगेच नवरीचा चेहरा हवा. दोन सेकंदांत भिंग बदलत नाही. २४ ते ७० ची सगळी गरज या दोन सेकंदांत आहे, बाकीचा दिवस कशावरही निघतो.

रुंदीची बाजू सुटायला १९७३ उजाडावं लागलं. कॅननच्या ३५-७० मध्ये मांडणीच उलटी केली होती. आधीच्या झूममध्ये तीन-चार गट असत, इथं दोनच. पुढचा गट किरण पसरवणारा, मागचा गोळा करणारा, आणि दोन्ही सरकते. पसरवणारा गट पुढं आला की रुंद दृश्य पकडणं सोपं जातं, भिंगही आटोपशीर राहतं. इथून पुढं ३५-७० हे कॅमेऱ्यासोबत विकलं जाणारं नेहमीचं माप झालं. मग २८ आलं. दहा फुटांतून तेरा फुटांच्या जवळ. २००२ साली कॅननचं २४-७० एफ २.८ आलं, २००७ साली निकॉनचं. २४ वर दहा फुटांतून पंधरा फूट. मामा, मामी, भटजी, सगळे चौकटीत. अठ्ठावीस आणि चोवीस यांतला फरक कागदावर चार मिलिमीटरचा आहे, स्टेजवर तो दोन माणसांचा आहे.

आता २.८.

एफचा आकडा म्हणजे भिंगाची फोकल लेंग्थ (२४, ७० हा मिलिमीटरचा आकडा) भागिले आत दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ७० वर एफ २.८ हवा तर छिद्र पंचवीस मिलिमीटर दिसायला हवं. एफ ४ ला साडेसतरा पुरतात. व्यास वाढला की काच वाढते, काच वाढली की वजन आणि कडेचे दोष वाढतात, ते दोष मारायला घुमटाच्या साध्या गोलाईपेक्षा वेगळ्या वळणाची भिंगं आणि खास काच लागते. पैसे जातात ते इथं. कॅननचं ते २००२ चं भिंग ९५० ग्रॅमचं होतं, निकॉनचं ९०० ग्रॅमचं. मिळतं काय, तर एका स्टॉपचा उजेड, म्हणजे एफ ४ च्या दुप्पट.

हा २.८ चा आग्रह धरला वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांनी. रात्रीच्या सभा, घाईचं काम, फिल्म ४०० च्या संवेदनशीलतेची. निकॉनचं ३५-७० एफ २.८ १९८७ साली आलं, कॅननचं २८-७० १९९३ साली, आणि झूमविषयीची जुनी अढी खऱ्या अर्थानं या पिढीनं मोडली. त्याच्याइतकंच महत्त्वाचं, त्यांनी झूमभर आकडा एकच राहील हे मागितलं. कॅमेऱ्यासोबत येणारं किट लेन्स १८-५५ घ्या. १८ वर एफ ३.५, ५५ वर ५.६. मॅन्युअलवर (उजेड आधीच ठरवून) फ्लॅश बसवून स्टेज घेतलं, मग चेहऱ्यावर झूम केलं, की शंभरातला चाळीसच उजेड आत येतो. चेहरा काळा. नवीन पोरं फ्लॅशला शिव्या घालतात, फ्लॅश बिचारा जेवढा मगाशी होता तेवढाच असतो. एफ ४ चं चांगलं झूमही आकडा शेवटपर्यंत धरून ठेवतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'कॉन्स्टंट' हवं म्हणजे २.८ च हवं असं नाही. कॅननचं २४-१०५ एफ ४ २००५ साली आलं तेव्हापासून दिवसाच्या लग्नांवर ते निमूटपणे काम करतंय.

डिजिटल आल्यावर सगळ्यात मोठा घोळ घातला तो क्रॉप सेन्सरनं. २००३ साली कॅननचा ३०० डी आला आणि डिजिटल एसएलआर सामान्य माणसाच्या टप्प्यात आला. त्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारी उजेड टिपणारी पट्टी, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. भिंग तेच, पण चौकटीच्या कडा कापल्या जाणार. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर २४ लावलं की ते ३६ सारखं वागतं, कॅननवर ३८ च्या जवळ. म्हणजे दहा फुटांतून पुन्हा दहाच फूट. लाखाचं भिंग लावून माणूस १९५९ सालच्या झूमारवर परत. हे मी स्वतः केलंय, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? गडहिंग्लजच्या एका लग्नात घरचा ग्रुप फोटो काढताना मागं भिंत लागली आणि शेवटी दोन चुलत्यांना खाली बसवावं लागलं. क्रॉपवाल्यांसाठी १७-५० किंवा १७-५५ ही मापं निघाली ती याच कारणानं. टॅमरॉनचं १७-५० एफ २.८ २००६ साली आलं. निकॉनच्या क्रॉपवर १७ म्हणजे दहा फुटांतून जवळजवळ चौदा फूट.

२०१२ साली निकॉनचा ३६ मेगापिक्सेलचा, बारीकसारीक टिपणारा डी ८०० आला आणि फिल्मवर खपून गेलेली भिंगं उघडी पडली. त्याच साली कॅननं आपलं २४-७० नव्यानं घडवून आणलं. मग मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे. आरसा गेला, मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता आलं: निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटरचं अंतर १६ वर आलं. वाकड्या रेषांचा काही भाग आता कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअरच सरळ करतं. वजन उतरलं. सोनीचं २४-७० २०१६ साली ८८६ ग्रॅमचं होतं, २०२२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ६९५ वर आलं. टॅमरॉननं २०१८ साली २८-७५ एफ २.८ काढलं, फक्त ५५० ग्रॅमचं. कसं जमवलं? २४ सोडलं, २८ वर थांबले. स्टेजवरची ती दोन माणसं त्या हलकेपणात गेली.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. पहिली गुलाल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत साध्या किट लेन्सनं सासनकाठ्यांचे फोटो काढले होते. झूम करताना नळी बाहेर येते, आत जाते, आणि भात्यासारखी हवा ओढते. हवेबरोबर गुलाल. घरी आल्यावर झूमची रिंग फिरवली की बारीक करकर ऐकू यायची, आणि पुढच्या काचेच्या आतल्या कडेला गुलाबी अर्धचंद्र. तो आजतागायत आहे. महागड्या भिंगांना जोडांवर रबर दिलेलं असतं, ते यासाठी. तरीही चांगभलं म्हणत गुलालाच्या ढगात उभं राहायचं तर पुढं साधा फिल्टर आणि वर प्लॅस्टिकची पिशवी हवीच. दुसरी गोष्ट बुरशी. जून ते सप्टेंबर बॅगेत बंद राहिलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढतात. जुनं भिंग घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा.

भाच्याकडं क्रॉपचीच बॉडी आहे, त्यामुळं चोवीस-सत्तर बाद झालं. लग्नं बहुतेक संध्याकाळची, कार्यालयातल्या पिवळ्या उजेडातली, म्हणून २.८ ठरलं. वापरलेलं १७-५० बघायला आम्ही दोघं गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. बरोबर 'पुढारी'चा अंक नेला होता. त्याची पानं भिंतीवर सपाट चिकटवली, तिवईवर कॅमेरा भिंतीच्या अगदी समोर लावला, एफ २.८ उघडं ठेवून १७, ३५ आणि ५० वर फोटो काढले आणि स्क्रीनवर एकेक कोपरा मोठा करून बघितला. तीन कोपऱ्यांत छोट्या जाहिराती वाचता येत होत्या, खालच्या डाव्या कोपऱ्यात शाई फुटल्यासारखी. आतलं एखादं भिंग सरकलेलं, बहुधा कधीतरी आपटलेलं. दुकानदार म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" भाचा म्हणाला, "मामी. ती कायम डाव्या कोपऱ्यात उभारत्या."

दुसरा नग कपाटातून निघाला, हूड (पुढची उजेड अडवणारी कड) नसलेला, पण चारही कोपरे सारखे. तो घेतला. पहिली ऑर्डर कागलची आहे. तो आधीच हॉल बघून आलाय, स्टेजपासून समोरच्या खांबापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून: बारा फूट.